अमवाजच्या पूलमध्ये बदकं उतरली तर

डिसेंबरच्या थंडीत पहाटे चारला पुण्याहून निघून भिगवण गाठणारे आणि उजनीच्या फुगवट्यात नावेत बसून चक्रांग, थापट्या, तलवार बदकांचे फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यातलेच काही नोकरीनिमित्त बहरीनला येतात, अमवाजला व्हिला भाड्यानं घेतात, आणि त्याच जातीची दोन बदकं मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलमध्ये उतरली की वॉचमनला हाका मारू लागतात. ऐकायला हे गमतीचं वाटेल, पण हाका मारणाऱ्याचं काही चुकत नाही. धरणाच्या पाण्यात बदकाची विष्ठा पडली तर ते निसर्गाचं चक्र. पूलच्या पाण्यात मात्र पोरं डोकं बुडवतात, नाकातोंडात पाणी घेतात, त्याच पाण्याच्या चुळा भरतात. शिवाय एक जोडी निर्धास्त बसली की दुसऱ्या दिवशी ती परत येते, आणि कधी कधी बरोबर आणखी चार पाहुणे आणते.

म्हणून त्यांना येऊ न देणं योग्यच. ते बदकाला इजा न करता आणि आपला खिसा रिकामा न करता कसं साधायचं, ते पाहू.

आधी ती येतात का, हे समजून घ्यायला हवं, कारण निम्मे उपाय इथेच फसतात. अमवाज बेटं मुहर्रकच्या ईशान्येला समुद्रात भराव घालून तयार केलेली आहेत. मधोमध लगून, घरांच्या मागून जाणारे कालवे, चहूबाजूंनी आखात. एवढं पाणी असताना बदकाला आपला चिमुकला पूल कशाला हवा? कारण बाकीचं सगळं पाणी खारट आहे, तेही साधंसुधं नाही. मोकळ्या महासागरात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. बहरीनभोवतीचं आखात उथळ आणि तापलेलं, त्यामुळे इथे ते 40 ग्रॅमच्या वर जातं. बदकं खाऱ्या पाण्यावर काही काळ निभावतात, पण प्यायला आणि पिसं धुवायला त्यांना गोडं पाणी लागतं. एके काळी या बेटांवर अधारीसारखे गोड्या पाण्याचे जिवंत झरे होते; ते आटले. आता उरली ती गोल्फ कोर्सवरची तळी, सांडपाणी शुद्धीकरणाच्या आसपासची डबकी, अल अरीन अभयारण्यातलं पाणी, आणि आपले पूल. सैबेरिया, मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडत आलेल्या पक्ष्याला वरून निळाशार, वारा अडलेला, गोड्या पाण्याचा चौकोन दिसला तर तो उतरणारच.

यातून दोन गोष्टी कळतात. क्लोरीनच्या वासानं बदक पळून जाईल ही आशा सोडा. नीट राखलेल्या पूलमधलं एक ते तीन पीपीएम क्लोरीन त्याला अडवत नाही. दुसरं म्हणजे ‘आमचा तर सॉल्ट वॉटर पूल आहे’ या भरवशावर राहू नका. मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राच्या पूलमध्ये लिटरमागे फार तर तीन-चार ग्रॅम मीठ असतं. लगूनमधून उडून आलेल्या बदकाच्या दृष्टीनं ते गोडं पाणीच.

वेळापत्रक आपल्या बाजूचं आहे

या सगळ्यात आपल्या फायद्याची एक बाब आहे, आणि बहुतेकांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. बहरीनला रानबदकं हिवाळी पाहुणी म्हणून येतात. मुक्काम साधारण ऑक्टोबर ते मार्च. आणि ज्या पूलला हीटर नाही, तो याच काळात ओस पडतो. जानेवारीत पाण्यात पाय घातला तरी अंगावर काटा येतो. पोरंसुद्धा दोन मिनिटांत बाहेर. म्हणजे आपल्याला पूल नको असतो तेव्हाच बदकांना तो हवा असतो. बदकांना मोकळं, शांत, माणसं नसलेलं पाणी आवडतं, आणि आपण नेमकं तेच त्यांच्यासाठी सहा महिने मांडून ठेवतो.

म्हणून पहिला, आणि खरं सांगायचं तर एकमेव खात्रीचा, उपाय म्हणजे पूल झाकणं. पाणीच दिसलं नाही तर उतरण्याचा प्रश्न नाही. बाकी सगळे उपाय बदकाला घाबरवण्याचे आहेत, आणि बदक तुमच्या अंदाजापेक्षा लवकर शहाणं होतं.

कव्हर घेताना मात्र दुकानदाराला पुढचे दोन प्रश्न विचारा. बुडबुडे असलेलं निळं प्लास्टिकचं कव्हर स्वस्त असतं, पाण्यावर नुसतं तरंगतं, आणि हिवाळ्यात पाण्याची ऊबही थोडी राखतं. बदकांपुरतं ते चालतं. पण घरात लहान मूल असेल तर ते धोक्याचं आहे. मुलाला ते जमिनीसारखं दिसतं, पाय ठेवताच ते खाली जातं आणि वरून बंद होतं. लहान मुलांच्या घरात चारही बाजूंनी ताणून पक्कं बसवलेलं, माणसाचं वजन पेलणारं सेफ्टी कव्हरच हवं. त्यासाठी पूलच्या कडेच्या फरशीत खिळ्यांची भोकं पाडावी लागतात, आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. इथला शमाल वारा सुटला की सैल कव्हर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं, आणि नाही गेलं तर त्यावर धुळीचा थर आणि पावसाचं पाणी साचतं. हे साचलेलं उथळ पाणी म्हणजे पक्ष्यांसाठी दुसरा पूल, शिवाय डासांची सोय. आठवड्यातून एकदा ते काढून टाकायला पूल साफ करणाऱ्या माणसाला सांगा. एप्रिल उजाडला की बुडबुड्यांचं कव्हर गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात आधीच कोमट झालेलं पाणी आणखी तापवून कोणाचंच भलं होत नाही.

कव्हर जमत नसेल तर

पूल हीटरचा असेल, रोज वापरात असेल, किंवा कंपाउंडचा सामाईक असेल, तर कव्हर प्रत्येक वेळी शक्य नसतं. मग घाबरवण्याचे उपाय उरतात. त्यांचा एकच नियम: हलतं ते टिकतं, स्थिर असतं ते दोन दिवसांत फर्निचर होतं. प्लास्टिकचं घुबड घेऊन पैसे वाया घालवू नका. चौथ्या दिवशी साळुंकी त्याच्या डोक्यावर बसलेली दिसेल. हवा भरलेली मगर थोडी बरी, कारण ती वाऱ्यानं फिरते. पण तीही रोज वेगळ्या कोपऱ्यात सोडावी लागते आणि मधूनमधून आत नेऊन ठेवावी लागते. मुलांचे मोठे रंगीत चेंडू, तरंगत्या गाद्या तेवढंच काम करतात, आणि त्या घरात आधीपासून असतात.

याहून चांगले दोन उपाय आहेत. पूल साफ करणारा रोबो घरात असेल तर त्याचा टायमर पहाटेचा आणि संध्याकाळचा लावा. बदकं जागा बदलतात ती उजाडताना आणि दिवेलागणीला. नेमकं तेव्हा पाण्यात काहीतरी फिरत असेल तर ती वरच्या वर निघून जातात. रोबो नसेल तर हालचाल टिपून अचानक पाण्याचा फवारा मारणारा स्प्रिंकलर घ्या. बागेच्या नळाला तो जोडता येतो, पाणी फार लागत नाही, आणि आवाज, हालचाल व ओलावा एकदम आल्यानं बदकाला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. फक्त तो कुठे लावला आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिला बळी पूजेची फुलं काढायला गेलेल्या आजींचा जाईल.

पूलवर आडव्या दोऱ्या बांधण्याचा सल्लाही पुष्कळ लोक देतात. दोरी चालेल, पण मासे पकडायची पारदर्शक तंगूस मुळीच नको. ती पक्ष्याला दिसत नाही, पंख त्यात अडकतो, आणि मग सकाळी कापून सोडवण्याचं काम आपल्याकडे येतं. जाड, दिसणारी दोरी घ्या, तिला चकचकीत पट्ट्या लावा, पाण्यापासून हातभर उंच आणि ताठ बांधा. मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मॅलार्ड, चक्रांग यांसारखी उथळ पाण्यातली बदकं जवळजवळ सरळ वर उडतात आणि अगदी लहान जागेतही उतरतात. धावपट्टी लागते ती बुडी मारणाऱ्या बदकांना. आणि संध्याकाळी मुलं पोहायला यायच्या आधी दोऱ्या सोडा, हे सांगायला नकोच.

या सगळ्यात वेळ महत्त्वाची. पहिल्यांदा आलेली जोडी म्हणजे पाहणी पथक असतं. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती दिसताच बाहेर जा, टाळ्या वाजवा, पाण्यावर झाडू आपटा, आणि ती उडेपर्यंत थांबा. आठवडाभर त्यांना बसू दिलं आणि मग उपाय शोधू लागलात तर काम दसपट वाढतं.

काय मुळीच करू नये

पाण्यात भांडी धुवायचा साबण किंवा डिटर्जंट टाका म्हणजे बदकं तरंगत नाहीत आणि निघून जातात, असा एक उपाय लोक एकमेकांना हौसेनं सांगतात. तो खरंच काम करतो, म्हणूनच वाईट आहे. बदकाच्या शेपटीजवळ तेलाची ग्रंथी असते. चोचीनं ते तेल पिसांना लावत राहिल्यानं आणि पिसांची वीण घट्ट ठेवल्यानं पाणी आत शिरत नाही. साबणानं हे संरक्षण निघून जातं. पिसं भिजतात, पक्षी गारठतो, उडता येत नाही, आणि कधी तुमच्याच पूलमध्ये बुडतो. वर फेसाळलेला फिल्टर साफ करण्याचा खर्च वेगळा.

लेझर, फटाके, ड्रोन यांपैकी काही नको. इंटरनेटवर पक्षी हाकलायला हिरवा लेझर सुचवलेला दिसेल. पण बहरीनचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मुहर्रकलाच आहे, विमानं अमवाजच्या आसपासनं खाली येतात, आणि वैमानिकाच्या डोळ्यांत लेझर जाणं हा जगात कुठेही गंभीर गुन्हा धरला जातो. विषारी आमिष, चिकट सापळे यांचा तर विचारही करू नका. बहरीनमध्ये 1995 पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, आणि हा विषय इथल्या सर्वोच्च पर्यावरण परिषदेच्या अखत्यारीत येतो. पक्षी हाकलणं वेगळं, मारणं किंवा पकडून ठेवणं वेगळं.

आणि खाऊ घालू नका. इथे आपली सवय आडवी येते. उरलेली पोळी कुस्करून कुंपणाच्या भिंतीवर ठेवल्याशिवाय आपल्याकडच्या बायकांना चैन पडत नाही, आणि पितृपक्षातला घास तर ठेवायलाच हवा. गंमत अशी की पितृपक्ष येतो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे पहिली बदकं खाली उतरण्याच्या तोंडावर. घास जरूर ठेवा, पण पूलच्या बाजूला नाही. घराच्या पुढच्या अंगणात ठेवा, आणि तासाभरानं उरलेलं उचला. साळुंक्या, पारवे, होले यांचा गोंधळ दिसला की वरून जाणाऱ्या पक्ष्याला इथे काहीतरी आहे हे कळतं. लगूनच्या काठी बदकांना पाव टाकणंही बंद करा. पावानं त्यांचं पोट भरतं, पोषण होत नाही, आणि माणूस म्हणजे अन्न असं एकदा डोक्यात बसलं की तुमची मगर आणि स्प्रिंकलर दोन्ही फुकट.

ते बदकच आहे ना?

हाकलण्यापूर्वी दोन मिनिटं नीट बघा. हिवाळ्यात आखाताच्या किनाऱ्यावर काळ्या मानेची पाणडुबी येते. लहानसं, लाल डोळ्यांचं, सारखं बुड्या मारणारं, बदकाच्या पिल्लासारखं काही दिसलं तर बहुधा तीच. तिचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. जमिनीवरून तिला उडता येत नाही, आणि पाण्यावरूनही उडायला लांब धाव लागते. चारही बाजूंनी भिंती असलेल्या पूलमध्ये रात्री चुकून उतरली तर ती तिथेच अडकते, आणि टाळ्या वाजवल्या की उडण्याऐवजी बुडी मारते. आपल्याकडे वारकरी म्हणतात तो पांढऱ्या कपाळाचा काळा पक्षीही पाण्यावर धावल्याशिवाय उडत नाही. अशा वेळी हाकलत बसू नका. पूलच्या जाळीनं हळूच कडेला आणा, जुना टॉवेल टाकून पकडा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि लगूनच्या पाण्यात सोडा. हातमोजे घाला, चोच बारीक असली तरी ती डोळ्याकडे येते.

थकलेलं बदकही असंच ओळखा. लांबून आलेला पक्षी पहिला दिवस नुसता झोपून काढतो. तो जखमी दिसत नसेल तर संध्याकाळपर्यंत सोडा. बहुतेक वेळा तो आपणहून जातो.

मे-जूनच्या उन्हात बदकं दिसली तर ती बहुधा रानटी नाहीत. कोणीतरी पाळून सोडलेली किंवा एखाद्या बागेतल्या तळ्यातून आलेली असतील. ही माणसांना सरावलेली असतात, त्यांना हाकलून उपयोग होत नाही. कंपाउंडच्या व्यवस्थापनाला सांगून मालक शोधा. अशी मादी कुंडीमागे अंडी घालते तेव्हा मात्र प्रश्न वाढतो. मॅलार्डची मादी साधारण 28 दिवस अंडी उबवते आणि पिल्लं जन्मल्याच्या एक-दोन दिवसांतच त्यांना पाण्यात नेते. पिल्लं पाण्यात सहज उतरतात, पण गुळगुळीत कडेवरून बाहेर येऊ शकत नाहीत आणि थकून बुडतात; काही स्किमरच्या तोंडात ओढली जातात. त्यासाठी एक फळी, तिला खडबडीत पायपुसणं बांधून, पाण्यातून काठापर्यंत तिरकी लावून ठेवा, आणि स्किमरच्या तोंडाला जाळी बसवा. यात हळहळ वगैरे सोडा. मेलेलं पिल्लू फिल्टरमध्ये अडकणं हा पूलसाठीही सगळ्यात वाईट प्रकार आहे.

घाण झाली तर पाणी कसं शुद्ध करायचं

ताजी विष्ठा दिसली की आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढा. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई-कोलायसारखे जंतू असू शकतात. नीट राखलेल्या पूलमधलं क्लोरीन यांतले बहुतेक काही मिनिटांत मारतं, त्यामुळे घाबरून पूल रिकामा करण्याची गरज नाही. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था पक्ष्यांच्या विष्ठेसाठी सांगते ती पद्धत साधी आहे. हातमोजे घालून जाळीनं किंवा बादलीनं घाण काढा. व्हॅक्यूमनं ओढू नका, नाहीतर तीच घाण पाइपात पसरते. जाळी क्लोरीनच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करा. मग फ्री क्लोरीन 2 पीपीएम किंवा जास्त, पीएच 7.5 किंवा कमी, आणि पाणी 25 अंश किंवा अधिक, या स्थितीत साधारण अर्धा तास ठेवा, आणि नंतरच पोहायला परवानगी द्या.

यातली 25 अंशांची अट अमवाजच्या जानेवारीत पुरी होत नाही. हीटर नसेल तर अर्धा तास हा हिशोब विसरा. क्लोरीन थोडं वाढवा, रात्रभर पंप चालू ठेवा आणि सकाळी पुन्हा टेस्ट किटनं पाहा. उन्हापासून क्लोरीन वाचवायला स्टॅबिलायझर घातलं असेल तरी क्लोरीनचं काम मंदावतं, तेव्हाही वेळ वाढवा. बदकं दोन-तीन दिवस राहिली असतील तर फिल्टर बॅकवॉश करा आणि कडेची फरशी ब्रशनं घासा; तिथली सुकलेली विष्ठा पोरांच्या पायांना लागून परत पाण्यात जाते. विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फेट पाण्यात येतात, आणि आठवड्याभरानं भिंती हिरव्या दिसू लागल्या तर कारण तेच असतं. एक इशारा: पूलचं ॲसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत कधीही मिसळू नका, आणि दोन प्रकारची क्लोरीन पावडरही एकत्र करू नका.

पूलमध्ये किंवा अंगणात मेलेलं बदक सापडलं तर उघड्या हातानं उचलू नका. रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न पडताही वाहून नेऊ शकतात. हातमोजे, दुहेरी पिशवी, आणि नंतर साबणानं हात. एकापेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर कंपाउंडच्या व्यवस्थापनामार्फत सरकारी यंत्रणेला लगेच कळवा, कचऱ्यात टाकून मोकळे होऊ नका.

कव्हरची ऑर्डर सप्टेंबरमध्येच द्या, बदकं आल्यावर नाही. आणि या हिवाळ्यात एखादी जोडी तरीही उतरलीच, तर झाडू हातात घेण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या आणि तारीख, जागा घालून तो ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. भराव घालून नव्यानं तयार झालेल्या बेटांवर पक्षी कुठे उतरतात हे अशा नोंदींवरूनच पुढच्या अभ्यासकाला कळणार आहे.